हिंगोलीचा कापडवाला

सिकंदराबादच्या आमच्या मंदिरात दशलक्षण पर्वात दुपारी बायकांचा स्वाध्याय असतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही समंतभद्राचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार वाचत होतो. अनर्थदंडाचं प्रकरण आलं. अनर्थदंड म्हणजे विनाकारण केलेलं पाप. ज्यात पोटापाण्याचा प्रश्न नाही, कुणाचं भलं नाही, तरी माणूस करत राहतो ते. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. दुःश्रुती म्हणजे मन कलुषित करणाऱ्या गोष्टी ऐकणं, वाचणं. हा शब्द आला आणि समोर बसलेल्या काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुमच्यासाठी लिहिलंय हो," त्या म्हणाल्या.

सगळ्या हसल्या, मीही हसले. मी खुनाच्या गोष्टी वाचते हे मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नुसती वाचत नाही, इतरांनाही सांगते. महिन्यातून एकदा आम्ही जमतो तेव्हा "या वेळी काय वाचलं?" असा प्रश्न मलाच येतो. निम्म्याजणी हिंदीभाषक, काही गुजराती, मराठी बोलणाऱ्या आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून पुस्तक इंग्रजी असो की मराठी, मी गोष्ट हिंदीत सांगते आणि शेवट मात्र सांगत नाही. म्हणजे मी वाचते ते एक पाप, दुसरीला वाचायला लावते ते दुसरं. कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही एका बैठकीत!

घरी आले, पण काकूंचं वाक्य मनातून जाईना. कांदा-लसूण न खाणारी, सूर्यास्तानंतर न जेवणारी, पाणी गाळून पिणारी मी. चाळीस वर्षं मी मृतदेह, विष, सुरे आणि दोऱ्या यांच्या गोष्टींत का रमले आहे? स्वतःला उत्तर द्यायचं तर नुसतं मन तपासून भागेना. ह्या गोष्टी आमच्या भागात आल्या कुठून, इथून सुरुवात करावी लागली. आणि सुरुवात निघाली थेट माझ्या माहेरी, हिंगोलीत.

हिंगोली 1999 सालापासून जिल्हा आहे. त्याआधी ती परभणी जिल्ह्यात होती आणि 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानाचा आणि मग हैदराबाद राज्याचा भाग होती. निझामाच्या पदरी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज होती, तिची एक छावणी हिंगोलीला, तर मुख्य ठाणं बोलारमला. बोलारम म्हणजे आमच्या सिकंदराबादच्या उत्तरेला, आता शहरातच मिसळून गेलेलं. मी लग्न होऊन पूर्णेमार्गे मीटरगेजच्या गाडीनं इथं आले तेव्हा फार लांब आल्यासारखं वाटलं होतं. पण दीडशे वर्षांपूर्वी हा रस्ता एकाच फौजेच्या दोन ठाण्यांमधला रस्ता होता.

ह्या फौजेत फिलिप मेडोज टेलर नावाचा अधिकारी होता. जन्म 1808, लिव्हरपूलचा. पोरवयातच निझामाच्या नोकरीत आला, इथंच लग्न केलं, मराठी मुलखात पुष्कळ वर्षं काढली. पुढं तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यानं 'तारा' ही कादंबरी लिहिली. पण त्याचं नाव झालं ते 1839 साली छापलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ह्या कादंबरीमुळे. अमीर अली नावाचा ठग आपली कहाणी एका साहेबाला सांगतो आहे, अशी तिची मांडणी. सातशे एकोणीस माणसं मारण्यात आपला हात होता असं तो सांगतो, आणि त्याला आणखी जास्त झाली नाहीत याचं वाईट वाटतं. विलायतेत हे पुस्तक तुफान खपलं. राणी व्हिक्टोरियानं ते छापून होत असतानाच मागवून वाचलं, असं टेलरच्या आठवणींत आहे. डिटेक्टिव्ह कथेचा जनक म्हणून एडगर ॲलन पो याचं नाव घेतात. त्याची पहिली डिटेक्टिव्ह कथा 1841 ची. म्हणजे आमच्या दख्खनमधला हा खुनी त्याच्याही दोन वर्षं आधी छापला गेला होता.

कादंबरीच्या प्रस्तावनेत टेलरनं हिंगोलीची एक हकिगत दिली आहे. ती प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी हिंगोलीत राहत असे. टेलर स्वतः आणि छावणीतले इतर लोक त्याच्याशी व्यवहार करत. एकदा त्यानं जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. परवाना मिळाला. जवळच्याच एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येतो आहे, हे हरिसिंगला आधीच ठाऊक होतं. त्यानं वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरं हाकणाऱ्यांना मारलं. मग तोच परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि भर छावणीत उघडपणे विकला. कुणाला पत्ता लागला नाही. पुढं पकडला गेल्यावर त्यानंच हे सांगितलं, तेही एखादी गंमत सांगावी तसं.

माझ्या माहेरचं दुकान कापडाचं. सासरचंही इथं जनरल बाजारात कापडाचंच. लहानपणी अण्णांच्या दुकानातल्या गाठी सुटताना मी पाहिल्या आहेत. कोऱ्या मांजरपाटाचा वास अजून नाकात आहे. त्यामुळे ती हकिगत वाचताना छावणीतली ती गिऱ्हाइकं मला स्पष्ट दिसली. कापड हातात घेऊन पोत बघणारी, भाव करणारी, घरी नेऊन अंगरखा शिवणारी. आमच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'तदाहृतादान' असा एक आहे : चोरानं आणलेला माल घेणं. बिचाऱ्या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. पण "इतकं स्वस्त कसं?" असं कुणी एकानं तरी विचारलं असेल का, हा प्रश्न मला अजून पडतो.

आणखी एक गोष्ट त्या हकिगतीत खटकते. मारणाऱ्याचं नाव आहे, परवाना देणाऱ्याचं नाव आहे. मेलेल्या व्यापाऱ्याचं नाव नाही. तो 'जवळच्या गावचा एक व्यापारी' एवढाच उरला आहे.

हा सगळा पुरावा कसा उभा राहिला, हेही लक्षात घ्यायला हवं. विल्यम स्लीमन आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी ठगांना पकडून त्यांतल्या काहींना माफीचे साक्षीदार केलं. 1836 च्या कायद्यानं ठगांच्या टोळीत असणं हाच गुन्हा ठरला. अमुक खून अमुक माणसानं केला हे सिद्ध करण्याची गरज राहिली नाही. ज्याची मान वाचायची होती तो बोलला आणि ज्यांची नावं त्यानं घेतली ते लटकले किंवा काळ्या पाण्यावर गेले. म्हणून आजचे कित्येक इतिहासकार विचारतात, की ह्या जबान्यांत खरं किती आणि साहेबाला हवं होतं ते किती? वाटमारी होत होती, प्रेतं सापडत होती, यात शंका नाही. पण देशभर पसरलेला, देवीच्या नावानं खून करणारा एकच गुप्त पंथ होता का, यावर वाद आहे. अमीर अलीसुद्धा माफीचाच साक्षीदार. आम्ही प्रतिक्रमणात आपली पापं आठवून आठवून म्हणतो, ती स्वतःला उणं करण्यासाठी. तो आपली पापं सांगतो ती ऐकणाऱ्याला गुंगवण्यासाठी. आमच्याकडच्या गुन्हेकथेचा आरंभ असा झाला, आणि त्या गुंगवण्यातच ह्या सगळ्या प्रकाराची ताकदही आहे, धोकाही.

मराठीत ही हवा वेगळ्या वाटेनं आली. तिथंही रेनॉल्ड्सच, पण हा निराळा, लंडनचा कादंबरीकार जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. त्याच्या कादंबऱ्या आपल्या मुलखात बेसुमार वाचल्या गेल्या. गोविंद नारायण दातारशास्त्री (1873–1941) यांनी त्यांच्या आधारानं 'बंधुद्वेष', 'कालिकामूर्ति' यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. भुयारं, तळघरं, वेषांतरं, हरवलेले वारस. पण माणसं आणि घरं इतकी आपली की मूळ विलायती आहे यावर विश्वास बसत नाही. त्यानंतर आले बाबूराव अर्णाळकर (1906–1996), खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या रहस्यकथा हजाराच्या वर. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड ही नावं घेतली की साठीच्या पुढचे गृहस्थ अजून खुर्चीत सरळ बसतात. मग गोव्याचे गुरुनाथ नाईक. त्यांच्याही कादंबऱ्या हजाराच्या वर. आणि माझ्या पिढीचे सुहास शिरवळकर, ज्यांच्या दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास आणि फिरोज इराणी यांच्यावर आम्ही मुली जीव टाकत असू.

जीव टाकत असू, पण चोरून. ह्या पुस्तकांना घरात जागा नव्हती. वाचनालयात चार-चार आण्यांनी मिळत. पाठीला खाकी कागद, पहिलं पान बहुधा गायब आणि कधी कधी शेवटचंही. शेवटचं पान नसलं की आम्ही मैत्रिणी खुनी कोण यावर आठवडाभर भांडायचो. ती पुस्तकं आईनं पाहिली की म्हणायची, "हे वाचून काय डोकं चालणार आहे?" मासिकांत समीक्षा छापून येई ती दुसऱ्याच पुस्तकांची. पण खेड्यापाड्यांत, एसटी स्टँडवर, गिरणीच्या चाळीत माणसांना वाचनाची सवय लावली ती ह्याच पुस्तकांनी, हे आता जाणकारही मान्य करतात.

इथं आल्यावर मला कळलं, की हे फक्त मराठीतच झालेलं नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त रेल्वे गार्ड राहत. त्यांच्या ट्रंकेत इब्ने सफींच्या उर्दू कादंबऱ्या होत्या. 1952 साली अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याच वर्षी इब्ने सफी पाकिस्तानात गेले, पण त्यांचे कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद इथंच राहिले. उर्दूत खपायचं तर पुस्तक चावटच पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं म्हणून ते इरेला पेटून स्वच्छ रहस्यकथा लिहू लागले, असं सांगतात. तेलुगूत कोम्मूरी सांबशिवराव यांचा डिटेक्टिव्ह युगंधर तसाच लाडका. आबिड्सला रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथं मी युगंधर, इमरान, सुरेंद्र मोहन पाठक आणि अगाथा ख्रिस्ती एकाच सतरंजीवर पाहिले आहेत. चार लिप्या, चार प्रकारचे वाचक, आणि सगळ्यांना एकच उत्सुकता : कुणी केलं?

काकूंच्या प्रश्नाकडे वळते. दुःश्रुती म्हणून हे सगळं टाकून द्यायचं, तर आमच्या ग्रंथांतल्या गोष्टींचं काय? रत्नकरंडाच्या टीकेतच सत्यघोषाची कथा आहे. सिंहपूरचा पुरोहित श्रीभूती. आपण कधी खोटं बोलत नाही असं सांगे, जानव्याला सुरी बांधून फिरे. खोटं बोललो तर जीभ कापून घेईन म्हणे. म्हणून लोक त्याला सत्यघोष म्हणत. समुद्रदत्त नावाच्या व्यापाऱ्यानं विश्वासानं त्याच्याकडे पाच रत्नं ठेवली आणि तो परदेशी गेला. जहाज बुडालं, सगळं गेलं. परत येऊन त्यानं रत्नं मागितली, तर सत्यघोष म्हणाला, नुकसानीनं ह्याचं डोकं फिरलंय. सगळ्यांना ते पटलं. व्यापारी रोज राजवाड्याजवळच्या झाडावर चढून ओरडे. राणी रामदत्ता ऐकत होती. तिच्या एकटीच्या ध्यानात आलं, की वेडा माणूस रोज वेगवेगळं बोलेल. हा महिनोन्‌महिने एकच गोष्ट, त्याच शब्दांत सांगतो आहे. तिनं सत्यघोषाला द्यूत खेळायला बसवलं, त्याची अंगठी, सुरी आणि जानवं जिंकलं आणि ती खूण दासीबरोबर त्याच्या बायकोकडे पाठवून रत्नं मागवली. पुढं राजानं ती पाच रत्नं इतर पुष्कळ रत्नांत मिसळली आणि व्यापाऱ्याला म्हणाला, तुझी असतील ती उचल. त्यानं नेमकी आपली पाच उचलली.

शेरलॉक होम्सनं यापेक्षा जास्त काय केलं असतं? ऐकलेल्यातली विसंगती किंवा सुसंगती पकडणं, आरोपीच्या नकळत पुरावा मिळवणं, आणि शेवटी तक्रारदाराचीही परीक्षा घेणं. हे तिसरं मला फार मोलाचं वाटतं. पुष्कळ पुस्तकांतले डिटेक्टिव्ह ते विसरतात.

तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताचे अतिचार वाचावेत : त्यात कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा दस्तऐवज, न्यासापहार आहे, म्हणजे ठेव बुडवणं. गुन्हा म्हणजे नुसता सुरा नव्हे, हे आमच्या आचार्यांना पक्कं ठाऊक होतं. मग बंदी कशावर आहे? त्याच ग्रंथात रौद्रध्यान सांगितलं आहे. हिंसेत आनंद वाटणं हा त्याचा पहिला प्रकार. हिंगोलीचा हरिसिंग आपला गुन्हा गंमत म्हणून सांगत होता, ते हे. आणि वाचणाऱ्यालाही ती गंमत वाटली, की तीच दुःश्रुती. गोष्टीत खून आहे की नाही, यापेक्षा ती गोष्ट मेलेल्या माणसाकडे कशी पाहते, ते महत्त्वाचं.

तेव्हापासून पुस्तक सुचवण्याआधी मी एक परीक्षा लावते. पुस्तक संपल्यावर चार दिवसांनी स्वतःला विचारते : मेला त्याचं नाव आठवतं का? त्याचं कोण मागं राहिलं, ते आठवतं का? फक्त खुनी आणि त्याची युक्ती आठवत असेल, तर ते पुस्तक मी मंडळात नेत नाही. माझ्यापुरतं वाचते कधीमधी, खोटं कशाला बोलू! पण त्याची अनुमोदना करत नाही. चातुर्मासात तर तेही बंद.

ह्या परीक्षेत आजची काही पुस्तकं चांगली उतरली. जपानच्या केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं. पुढचं सगळं पुस्तक तो लपवण्याची किंमत कोण आणि किती मोजतं याचं आहे. मुलांसाठी आणि सुनांसाठी सत्यजित राय यांचा फेलूदा. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे तो मराठीत आहे आणि त्यात रक्तापेक्षा बुद्धी जास्त आहे. वसीम खान यांचं 'मिडनाइट ॲट मलबार हाउस', स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईतल्या एका पोलीस इन्स्पेक्टर बाईचं. आणि सुजाता मॅसी यांचं 'अ मर्डर ऑन मलबार हिल'.

ह्या शेवटच्या पुस्तकाबद्दल थोडं सांगायला हवं. काळ 1921 चा, मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी वकील. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्यावरून लेखिकेला ती सुचली. पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आपला हक्क सोडून देत आहेत, असा एक कागद परवीनच्या हातात येतो. कागद पाहून तिला शंका येते. त्या बायकांना पुरुष वकील भेटू शकत नाही. ती भेटू शकते. ती जाऊन फक्त एवढंच विचारते : तुम्ही कशावर सही केली, हे तुम्हाला माहीत आहे का?

मी मंडळात ही गोष्ट सांगत होते आणि ह्या वाक्यापाशी माझाच आवाज अडला. अण्णा गेल्यावर वर्षभरानं मी हिंगोलीला गेले होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दादानं हक्कसोडपत्र पुढं केलं. चार-पाच पानं होती. मी सही केली, अंगठा दिला, फोटो काढला आणि आम्ही सगळे बाहेर येऊन ऊसाचा रस प्यायलो. दादावर माझा तेव्हा संशय नव्हता, आजही नाही. त्यानं मागितलं असतं तर वाचूनही मी सही केली असती. पण तीनशे पानांची कादंबरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी, प्रत्येक पात्रावर संशय घेणारी मी, त्या दिवशी माझ्याच नावाची चार पानं वाचली नाहीत. बहिणीनं वाचायला घेतलं की त्याचा अर्थ अविश्वास असा होतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी पाठ होतं.

हे मी मंडळात सांगितलं. एकदम शांतता झाली. मग एकेक जण बोलायला लागली. कुणी आठ वर्षांपूर्वी सही केली होती, कुणी बँकेच्या कर्जाला जामीन राहिली होती आणि कर्ज किती ते तिला माहीत नव्हतं. एका भाभींना पुढच्याच आठवड्यात भावाकडे नांदेडला जायचं होतं. त्यांनी घरी फोन करून कागदाची प्रत आधी मागवून घेतली. वाचली, समजून घेतली आणि मग जाऊन सही केली. भाऊ थोडा नाराज झाला म्हणे. पण राखीला आला.

काकू त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात भेटल्या तेव्हा हातात एक पिशवी होती. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, यजमान गेले तेव्हाचं मृत्युपत्र.

"डोळ्यांनी नीट दिसत नाही," त्या म्हणाल्या, "वाचून दाखवता का? सगळं वाचा. शेवटसुद्धा."

आम्ही दोघी मंदिराच्या ओट्यावर बसलो आणि मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.